रात्रीची घरफोडी आणि बचावाचा हक्क : वसाहतीच्या मार्गदर्शिकेच्या प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२५

कोल्हापुरातल्या फुलेवाडी रिंग रोडलगतच्या आमच्या वसाहतीच्या बैठकीत दिवाळीपूर्वी दोन कामे पुरी करण्याचे ठरले. घरात चोर शिरल्यास कायदा घरमालकाला काय करू देतो आणि काय करू देत नाही, हे सांगणारी छोटी मराठी मार्गदर्शिका तयार करायची आणि प्रत्येक घराची दारे-खिडक्या तपासून रात्रीच्या प्रसंगाचा आराखडा आखायचा. वकिली करणारा सभासद म्हणून लेखनाची बाजू माझ्याकडे आली, तर घरतपासणीची जबाबदारी पोलिस खात्यातून निवृत्त झालेल्या हवालदारकाकांनी आणि एका सुतार मिस्त्रींनी घेतली.

वसाहतीच्या मागच्या अंगाला उसाची शेते आहेत. गळीत हंगाम सुरू होऊन तोड होईपर्यंत कुंपणापलीकडे माणूस उभा असला तरी दिसत नाही, आणि नेमक्या याच काळात दिवाळीच्या सुटीत अनेक घरांना कुलपे लागतात. बैठकीत मात्र वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न फिरत राहिला : चोराला मारले तर आपल्यावरच केस होते का? या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शिकेत येईलच. पण माझ्या मते त्याचा क्रमांक तिसरा लागतो. दार किती वेळ टिकते हा पहिला प्रश्न आणि तेवढ्या वेळात कोणाकोणाला कळते हा दुसरा. मांडणी याच क्रमाने करावी, असे मी सुचवले. ते फारसे कोणाला रुचले नाही, तरी मान्य झाले.

१८ सप्टेंबर २०२५

आज कायद्याचा मूळ मजकूर समोर घेऊन बसलो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून, बचावाच्या हक्काची जुनी कलमे ९६ ते १०६ आता ३४ ते ४४ या क्रमांकांखाली आली आहेत. आशय जवळजवळ तोच आहे. त्यामुळे जुन्या कलमांवरचे सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे आजही उपयोगी पडतात.

सभासदांसाठी यातला गाभा असा लिहिला. कलम ३५ नुसार स्वतःच्या आणि दुसऱ्या कोणाच्याही शरीराचा, तसेच चोरी, जबरी चोरी, आगळीक (म्हणजे मालमत्तेची जाणूनबुजून केलेली नासधूस) आणि बेकायदा प्रवेश यांपासून मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या घरात धावून जाणारा माणूसही या हक्काच्या कक्षेत येतो. या हक्काला कलम ३७ ने घातलेल्या बांधांपैकी दोन आपल्या कामाचे आहेत. पोलिसांची मदत मिळवायला वेळ असेल तेव्हा हा हक्क मिळत नाही, आणि जिथे मिळतो तिथेही बचावापुरते आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. समोरच्याचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क केव्हा जातो, ते शरीराच्या बाबतीत कलम ३८ आणि मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ सांगते. ठार होण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार वा अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला आणि अ‍ॅसिडहल्ला हे प्रसंग कलम ३८ मध्ये आहेत. कलम ४१ मध्ये जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे किंवा स्फोटकाने नुकसान करणे, आणि ज्या चोरीत वा गृहप्रवेशात जिवाला किंवा जबर दुखापतीला धोका असल्याची रास्त भीती वाटते अशी चोरी वा प्रवेश, यांचा समावेश होतो.

‘रात्री घरात शिरलेल्याला मारले तर काही होत नाही’ हे चावडीवरचे वाक्य याच कलम ४१ वरून आले असावे. ते वाक्य अर्धवट आहे, कारण कलम ४१ ची सुरुवातच कलम ३७ च्या मर्यादांना अधीन राहून होते. ट्यूबलाइट लागताच हात वर करून उभा राहिलेला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा आणि कटावणी उगारून अंगावर येणारा माणूस हे दोघेही रात्री कुलूप तोडूनच आत आलेले असू शकतात. त्या दोघांना कायदा एका मापाने मोजत नाही.

२१ सप्टेंबर २०२५

सभासदांना सर्वांत अनपेक्षित वाटेल असा मुद्दा कलम ३३० मध्ये सापडला. घरफोडी होण्यासाठी आत शिरण्याची रीत विशिष्ट असावी लागते. भिंतीला भगदाड पाडून, भिंत चढून, खिडकीतून, लावलेले दार उघडून, दाराच्या फटीतून तार घालून कडी उचलून, हरवलेल्या किल्लीने कुलूप काढून, किंवा दारात उभ्या असलेल्या माणसाला ढकलून वा धमकावून आत येणे, अशी उदाहरणे कायद्यातच दिली आहेत. दार सताड उघडे असेल आणि चोर त्यातून चालत आत आला असेल, तर तो बेकायदा गृहप्रवेश आहे, चोरीही आहे; पण घरफोडी नाही. अशा वेळी रात्र असली तरी कलम ४१ मधला घरफोडीचा आधार मिळत नाही, आणि घरमालकाला जिवाच्या किंवा जबर दुखापतीच्या भीतीवरच विसंबावे लागते. आमच्याकडे उन्हाळ्यात पुढचे दार उघडे टाकून सोप्यात झोपण्याची सवय कितीतरी घरांत अजून आहे. लावलेली कडी चोराला अडवते आणि पुढे न्यायालयात घरमालकाची बाजूही भक्कम करते, हे वाक्य मी मार्गदर्शिकेत ठळक अक्षरांत घेतले आहे.

वेळेचेही तसेच आहे. कोल्हापुरात नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सातनंतर. त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला मागचे दार फोडले गेले, तर ती दिवसाची घरफोडी की रात्रीची, हे महिन्यावर ठरते. कलम ३३१ मध्ये शिक्षेची कमाल मर्यादाही त्यानुसार दोन वर्षांवरून तीन वर्षांवर जाते. राहत्या घरातल्या चोरीला मात्र कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे दिवस-रात्र पाहिली जात नाही.

गोठ्याबद्दल दोघांनी विचारले. घराला लागून असलेल्या आणि आतून थेट ये-जा असलेल्या गोठ्याला कायदा घराचा भाग मानतो. अंगण ओलांडून पलीकडे असलेला सुटा गोठा या व्याख्येत बसत नाही.

२५ सप्टेंबर २०२५

घरतपासणी सुरू झाली. पुढच्या दारांना सेफ्टी डोअर, नाइट लॅच, कॅमेरा असा सगळा जामानिमा आहे. परंतु स्वयंपाकघरातून परसात उघडणारी दारे पाहिल्यावर मिस्त्री हसायलाच लागले. एका बंगल्यात मागच्या दाराचा जाडजूड अल्ड्रॉप नवाकोरा होता, मात्र तो ज्या कोयंड्यात बसतो तो कोयंडा पाऊण इंची स्क्रूंनी चौकटीला नुसता चिकटवल्यासारखा होता. पेचकस न लावता मिस्त्रींनी तो दोन बोटांत धरून हलवला, तेव्हा स्क्रूंच्या भोकांतून वाळवीने खाल्लेल्या लाकडाचा पिवळसर भुसा फरशीवर सांडला. दार सागवानी, अल्ड्रॉप पोलादी. मात्र एका लाथेत सगळे उघडले असते. अशा ठिकाणी चौकटीचा खराब तुकडा कापून नवा बसवायचा, कोयंडा तीन इंची स्क्रूंनी आणि अल्ड्रॉप आरपार नट-बोल्टने आवळायचा, आणि बोल्टचे नट आतल्या बाजूला ठेवायचे, असे ठरले. या कामाचा खर्च एका कॅमेऱ्याच्या निम्माही येत नाही. कॅमेरा चोर दाखवतो. दार त्याला थांबवते. पैसे थोडे असतील तर आधी दाराला लावावेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

हवालदारकाकांनी दुसरी गोष्ट दाखवली, ती पुढच्या दाराच्या बाहेरच्या कडीची. एखादे घर फोडण्यापूर्वी शेजारच्या घरांना बाहेरून कड्या घालण्याची चोरांची पद्धत जुनीच आहे. आरडाओरडा झाला तरी शेजारी आतल्या आत अडकतात. ज्या घरांत मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत बसवलेले कुलूप) आहे तिथे बाहेरची कडी काढूनच टाकावी, अशी शिफारस केली.

खिडक्यांच्या ग्रीलबाबत उलटी अडचण आढळली. काही घरांनी सगळ्या खिडक्या इतक्या पक्क्या जाळीने बंद केल्या आहेत की आग लागली तर घरच्यांनाच बाहेर पडता येणार नाही. झोपण्याच्या एका खोलीच्या ग्रीलला आतून उघडणारी झडप असावी आणि तिची किल्ली खिळ्याला, घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असलेल्या जागी टांगलेली असावी.

२८ सप्टेंबर २०२५

मागच्या कुंपणावर रात्री विजेची तार सोडण्याचा प्रस्ताव अपेक्षेप्रमाणे आला. रानडुकरांसाठी शेतात असे करतात, मग चोरांसाठी का नको, असा युक्तिवाद होता. शेतातल्या अशा तारांनी माणसे दगावतात आणि तार लावणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात, हे इथे सर्वांना माहीत आहे. तरीही लेखी उत्तर हवे म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा निवाडा सांगितला. शेजाऱ्यांच्या शौचालयाची भिंत पडल्यामुळे ते आरोपीचे शौचालय वापरू लागले. आरोपीने त्यांना रोखण्यासाठी वाटेत उघडी तांब्याची तार बांधली, तिच्यात घरातून प्रवाह सोडला आणि कोणतीही सूचना लावली नाही. आत गेलेल्या बाईचा बाहेर पडताना तारेला हात लागला आणि ती मरण पावली. ती बिनपरवानगी आली होती, हे खरे असले तरी मालमत्तेच्या बचावाचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही आणि हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दलची शिक्षा कायम केली.

या निवाड्यातला तर्क आमच्या कामाला थेट लागू पडतो. बचाव म्हणजे समोरचा धोका पाहून माणसाने केलेली कृती. चोर आला आहे की दूधवाला, की चेंडू आणायला आलेले पोर, हे तारेला कळत नाही. प्रस्ताव मागे घेण्यात आला आणि त्याऐवजी कुंपणावर हालचालीने लागणारे एलईडी दिवे बसवण्याचे ठरले. त्या दिव्यांचे एक बटण झोपण्याच्या खोलीत असेल आणि ते इन्व्हर्टरवर चालतील, कारण चोर आधी मेन स्विच पाडतात, असा हवालदारकाकांचा अनुभव आहे.

१ ऑक्टोबर २०२५

खंडेनवमी. पूजेला मांडलेली शस्त्रे पाहून घरोघरी तोच विषय निघाला, म्हणून शस्त्रांचे टिपण आजच लिहून टाकले. बंदूक-पिस्तुलाला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. शस्त्र नियम २०१६ च्या परिशिष्टात तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांच्यासह ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारेही येतात, हे मात्र पुष्कळांच्या गावी नसते. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योग यांसाठी बनवलेली अवजारे या वर्गातून वगळली आहेत. शिवाय महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात वेळोवेळी बंदी आदेश निघतात आणि त्या काळात काठ्या, लाठ्या घेऊन रस्त्यावर फिरण्यासही मनाई असते. वसाहतीच्या गस्तीने ते आदेश पाहूनच बाहेर पडावे.

मिरचीच्या फवाऱ्याबद्दल एवढेच, की बंद खोलीत तो मारणाऱ्यालाही सोडत नाही.

५ ऑक्टोबर २०२५

मर्दानी खेळ शिकवणाऱ्या एका वस्तादांना वसाहतीत बोलावले होते. तरुण पोरांना लाठीचे हात पाहायचे होते. वस्तादांनी ते दाखवले आणि मग सगळ्यांना एका बंगल्याच्या बोळकंडीवजा पॅसेजमध्ये नेऊन लाठी फिरवायला सांगितली. पहिल्याच फेऱ्यात लाठीचे टोक भिंतीला आणि दुसरे ट्यूबलाइटच्या पट्टीला लागले. “वकीलसाहेब, मैदानातलं घरात चालत न्हाई. घरात दार लावून घ्या आणि बोंब मारा. जी वाट चोराला पळायला हाय, तिच्या आडवं उभारू नका,” असे त्यांनी सांगितले. अडलेला माणूस अंगावर येतो, ही त्यामागची समज आहे, आणि माझ्या आराखड्याशी ती तंतोतंत जुळते.

आराखडा असा झाला. आवाज आला की घरातली सगळी माणसे ठरलेल्या एका आतल्या खोलीत जमतात आणि आतून बोल्ट लावतात. म्हाताऱ्या माणसांना आणायची जबाबदारी कोणाची, हे आधीच नेमलेले असते. फोन आणि चार्जर त्याच खोलीत असतात, बाहेरचे दिवे तिथूनच लागतात. बाहेर जाऊन शोध घ्यायचा नाही. अपवाद फक्त घरातले कोणी बाहेर अडकले असेल तेव्हाचा.

अंधारात आधी हाक मारायची आणि मगच हात उचलायचा, हा नियम न्याय संहितेच्या कलम ३६ मधल्या उदाहरणामुळे घेतला. स्वतःच्या हक्काच्या घरात रात्री शिरणाऱ्यावर चोर समजून कोणी प्रामाणिकपणे हल्ला केला, तर तो गुन्हा नाही. पण ज्याच्यावर हल्ला झाला त्यालाही बचावाचा तितकाच हक्क आहे. कायद्याने दोघेही निर्दोष आणि दोघेही रक्तबंबाळ, अशी ती अवस्था आहे. आमच्या वसाहतीतली कितीतरी मुले शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रींमध्ये पाळीवर जातात आणि अवेळी परततात. त्यांनी फाटकापासून फोन करून मगच दाराशी यायचे, असे ठरले.

८ ऑक्टोबर २०२५

तातडीने पोलिसांना बोलावण्याच्या ११२ क्रमांकाचे पान लिहिले. हा फोन नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात घेतला जातो आणि तिथून स्थानिक पोलिसांच्या गाडीला निरोप जातो. म्हणून ‘पाण्याच्या टाकीजवळ’ एवढे सांगून भागत नाही. जिल्हा, तालुका, वसाहत, घर क्रमांक आणि ठळक खूण असा मजकूर प्रत्येक घरात फोनशेजारी लिहून चिकटवायचा आहे.

१२ ऑक्टोबर २०२५

हक्क केव्हा संपतो, हे प्रकरण सर्वांत जास्त वेळ घेत आहे, आणि घ्यावाच. सुरुवातीबद्दल कायदा घरमालकाच्या बाजूने उदार आहे. कलम ४० नुसार पहिला फटका बसेपर्यंत थांबावे लागत नाही. प्रयत्नातून किंवा धमकीतून रास्त भीती निर्माण झाली की शरीराच्या बचावाचा हक्क सुरू होतो. १९५२ च्या अमजद खान प्रकरणात कटनीच्या दंगलीत जमाव लाठ्यांनी दार ठोकत असताना आतून गोळी झाडणाऱ्या दुकानदाराला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. दार मोडून जमाव आत येईपर्यंत त्याने वाट पाहायला हवी होती, हे म्हणणे फेटाळले, आणि अशा गोष्टी फार बारीक तराजूत तोलता येत नाहीत असे म्हटले. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निवाड्यात हीच तत्त्वे एकत्र मांडली आहेत : स्वतः ओढवून न घेतलेल्या, अचानक समोर आलेल्या धोक्यात सापडलेल्या माणसाने पायरीपायरीने मोजून बळ वापरावे अशी अपेक्षा नाही, वापरलेले बळ धोक्याच्या मानाने अगदीच अवाजवी मात्र नसावे.

शेवटाबद्दल कायदा तितकाच काटेकोर आहे. कलम ४३ नुसार रात्रीच्या घरफोडीतला हक्क चोर घरात असेपर्यंतच टिकतो. चोरी करून पळणाऱ्याकडून ऐवज परत मिळवण्याचा हक्क तो निसटून जाईपर्यंत, ऐवज हाती येईपर्यंत किंवा पोलिसांची मदत मिळेपर्यंत राहतो. पण त्या टप्प्यावर नुसती चोरी उरलेली असते आणि कलम ४२ नुसार मृत्यू घडवण्याइतके बळ वापरता येत नाही. म्हणजे गंठण घेऊन कुंपण ओलांडणाऱ्याचा पाठलाग करून त्याला धरता येते. पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यात मात्र पहार घालता येत नाही. हक्काची मर्यादा सद्भावनेने, पूर्वनियोजन न करता ओलांडली गेली असेल, तर कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादामुळे तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. आणि त्याची शिक्षाही तुरुंगवासाचीच, प्रसंगी जन्मठेपेपर्यंतची असते.

धरलेल्या चोराला खांबाला बांधून गल्लीने मिळून बडवणे हा तर बचावच नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम ४० खाली आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक पकडू शकतो, पण त्याला विनाविलंब आणि फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. हा परिच्छेद मवाळ करावा, अशी सूचना दोघा सभासदांकडून आली. मी नकार दिला. हवालदारकाकांनीही माझी बाजू घेतली, कारण अशा प्रकरणांत चोर जामिनावर सुटलेला आणि गल्लीतली चार पोरे आत बसलेली त्यांनी पाहिली आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५

प्रसंगानंतरचे पान. बचावाचा हक्क बजावला हे दाखवण्याचा भार भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे तो सांगणाऱ्यावर असतो. मात्र सरकारपक्षासारखे संशयापलीकडे सिद्ध करावे लागत नाही, ते अधिक संभवनीय आहे एवढे दाखवणे पुरते. म्हणून पंचनामा होईपर्यंत तुटलेला कोयंडा, कटावणी, रक्ताचे डाग, विस्कटलेले कपाट यांतले काहीही आवरू नये. बायकांना ही सूचना पाळणे सर्वांत जड जाईल, असे एका काकूंनी स्वतःच सांगितले. जखमी चोरासाठीही १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. ते माणुसकीला धरून आहेच, शिवाय घरमालकाचा हेतू बचावाचा होता हेही त्यावरून दिसते. घरच्यांना लागलेल्या किरकोळ जखमांचीही सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्यावी. फिर्याद देताना घडले तेवढेच, घडले त्या क्रमाने सांगावे. शूरपणाची भर घातलेला जबाब पुढे उलटतपासणीत घरमालकालाच अडचणीत आणतो.

१६ ऑक्टोबर २०२५

मजकूर छपाईला दिला. पहिल्या पानावर दाराची आणि कडीची माहिती, मधे ११२ चे पान, शेवटी कायदा, असा क्रम राहिला आहे. मागच्या दारांची कामे बहुतेक घरांत उरकली. ज्या चार घरांचे मालक पुण्यात असतात, त्यांच्या किल्ल्या कोणाकडे ठेवायच्या हे ठरायचे आहे. फाटकावरच्या वॉचमनकाकांना द्यायची शिटी आणि त्यांच्यासाठीच्या वेगळ्या सूचनांचा कागद सोमवारपर्यंत तयार करायचा आहे. त्यात पहिली सूचना अशी राहील, की त्यांनी एकट्याने कोणत्याही घरात शिरू नये.